सणाची सोडत : कॅरिबियन नाताळ, मराठी दिवाळी आणि चिठ्ठीचा न्याय

१

सण आणि सोडत यांचा संबंध आजवर बहुधा दोन दृष्टींनी पाहिला गेला आहे. नीतिवाद्यांच्या मते सणाच्या दिवसांत खेळला जाणारा द्यूत किंवा घेतले जाणारे लॉटरीचे तिकीट हा जुगारच होय; सणाचे पावित्र्य त्याला लाभत नाही, उलट त्याच्यामुळे सण मात्र बाटतो. लोकसंस्कृतीच्या कौतुककर्त्यांचे म्हणणे याच्या उलट आहे. सणाचा अर्थच मुळी नित्याचे हिशेब काही काळ गुंडाळून ठेवणे असा असल्याने दैवाशी खेळणे हा त्याचा स्वाभाविक भाग आहे, असे ते मानतात. हे दोन्ही पक्ष वरवर परस्परविरोधी दिसत असले, तरी एक गृहीत दोघांनाही समान आहे. जिथे जिथे चिठ्ठी काढली जाते तिथे तिथे एकच गोष्ट घडते, असे दोघेही धरून चालतात. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच परीक्षा करावयाची आहे.

या परीक्षेसाठी दोन प्रदेश निवडले आहेत. पहिला कॅरिबियन बेटांचा. तेथे नाताळ हा वर्षातील सर्वांत मोठा सण, आणि सोडतीचे नाना प्रकार लोकजीवनात खोल रुजलेले. दुसरा प्रदेश पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या दक्षिण टोकाचा. पुणे–नाशिक रस्त्यावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान असलेले कुरुळी हे गाव, आणि त्याच्या भोवतीच्या निघोजे, चिंबळी, म्हाळुंगे आदी गावांचा औद्योगिक पट्टा. एकीकडे उसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे व गिरमिटियांचे वंशज, तर दुसरीकडे शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या कारखान्यांतील कामगार. ही तुलना ओढूनताणून केली आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु दोन्हीकडे वर्षभराच्या वेतनाची गाठ एका सणाशी बांधलेली आहे, आणि दोन्हीकडे त्या गाठीभोवती चिठ्ठ्या फिरत असतात.

२

मराठी परंपरेत सणाच्या द्यूताला शास्त्राधार आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बलिप्रतिपदा या नावाबरोबरच द्यूतप्रतिपदा हेही नाव आहे. त्या दिवशी प्रातःकाळी शंकर आणि पार्वती यांनी द्यूत खेळला, शंकर हरला व पार्वती जिंकली, म्हणून या दिवशी जो जिंकेल त्याला वर्ष सुखाचे जाते, ही कथा निबंधकारांनी नमूद केलेली आहे. वेरुळच्या रामेश्वर (लेणे क्र. २१) व धुमार लेणे (लेणे क्र. २९) येथील शिल्पपटांत हा खेळ कोरलेला आहे. वर शिवपार्वती सारीपाटावर बसलेली, तर खाली गण नंदीची छेड काढताना दिसतात. या शिल्पांतील द्यूताला पापाचा स्पर्शही नाही. तो दांपत्याचा खेळकर कलह आहे.

धर्मशास्त्र मात्र या विषयी एकमुखाने बोलत नाही. मनूने द्यूत व समाह्वय, म्हणजे प्राण्यांच्या झुंजींवरील पैजा, राजाने राज्यातून हद्दपार कराव्यात असे सांगितले. उलट कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून एकाच ठिकाणी खेळ चालवावा व जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच वसूल करावे, अशी व्यवस्था दिली. याज्ञवल्क्य व नारद यांचाही कल राजाच्या देखरेखीखालील द्यूताकडे आहे. बंदी घालावी की वसुली करावी, हा आधुनिक राज्यांपुढील प्रश्न अशा रीतीने प्राचीनच ठरतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात जुगाराला व्यापाराचा दर्जा नाकारला. परंतु पुढच्याच दशकात राज्यांनी स्वतःच्या लॉटऱ्या सुरू केल्या. केरळची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली, तर महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी अस्तित्वात आली. मुंबईत त्या काळी मटक्याचे आकडे गिरणगावापासून उपनगरांपर्यंत पसरले होते. त्यापासून लोकांना परावृत्त करावे आणि लोककल्याणासाठी पैसाही उभा करावा, अशी दुहेरी भूमिका त्यामागे होती. या लॉटऱ्यांनी आपल्या मोठ्या सोडतींची वेळ सणांना बांधली. केरळात ओणम व नाताळ–नववर्ष, महाराष्ट्रात गणेशोत्सव व दिवाळी. द्यूतप्रतिपदेचा घरगुती फासा अशा प्रकारे छापील तिकिटाच्या रूपाने राजाच्या हाती गेला. मनूचा पक्ष न्यायालयात जिंकला आणि कौटिल्याचा तिजोरीत, असे म्हणता येईल.

३

कॅरिबियन बेटांत हा प्रवास निराळ्या वाटेने झाला. मुळात ‘नाताळ’ हा मराठी शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला आहे. वसईत १५३४ ते १७३९ पर्यंत आणि गोव्यात त्याहून कितीतरी अधिक काळ असलेल्या त्यांच्या सत्तेची ती खूण होय. ज्या युरोपीय विस्ताराने हा शब्द कोकणकिनाऱ्याला आणला, त्यानेच नाताळचा सण अटलांटिकपलीकडील बेटांवर नेला. तेथे तो ज्यांच्या वाट्याला आला ते बहुसंख्येने आफ्रिकेतून बळाने आणलेले गुलाम होते. मळ्यांवरील कठोर वर्षक्रमात नाताळचे दोन-तीन दिवस सुटीचे, म्हणून हा सण त्यांनी आपलासा केला. मुखवटे घालून, ढोल वाजवीत निघणारी जाँकनूची मिरवणूक ही त्याचीच निष्पत्ती. १८३७–३८ मध्ये किंग्स्टन येथे बेलिसारिओ या चित्रकाराने तिची चित्रे प्रसिद्ध केली. बहामा बेटांत ती आजही २६ डिसेंबरला व १ जानेवारीला निघते. त्रिनिदादमध्ये व्हेनेझुएलाच्या वाटेने आलेली परांग गीते घरोघर गायली जातात, रममध्ये भिजविलेल्या फळांचा काळा केक कापला जातो, आणि आपल्याकडील लाल अंबाडीच्याच बोंडांपासून केलेले ‘सॉरेल’ नावाचे तांबडे पेय प्यायले जाते.

या सुटीला केवळ करमणुकीचे साधन समजणे चुकीचे ठरेल. २७ डिसेंबर १८३१ रोजी जमेकात सॅम्युएल शार्प यांच्या नेतृत्वाखाली गुलामांचा मोठा उठाव सुरू झाला, तो याच नाताळच्या सुटीत. सुटी संपल्यावर वेतनाशिवाय कामाला परतावयाचे नाही, हा त्यामागील मूळ संकल्प होता. शार्प यांना १८३२ च्या मे महिन्यात फाशी देण्यात आली. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा संमत केला. सण म्हणजे हिशेब विसरण्याचा काळ, ही कौतुककर्त्यांची व्याख्या येथे उलटी पडते. जमेकातील गुलामांनी नाताळमध्येच वर्षाचा हिशेब मागितला.

सोडतीची परंपरा या बेटांवर मुख्यतः स्पेनमार्फत आली. स्पेनची राष्ट्रीय लॉटरी १८१२ साली कादिस येथे सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिची नाताळपूर्व सोडत निघाली. पुढे २२ डिसेंबर हा तिचा दिवस ठरून गेला. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेतील मुले आकडे आणि बक्षिसे सुरात गाऊन सांगतात, हा तिचा विधी जगप्रसिद्ध आहे. क्यूबातही १८१२ मध्येच सरकारी लॉटरी स्थापन झाली. चिनी मजुरांबरोबर आकड्यांचा आणखी एक खेळ या प्रदेशात आला. क्यूबात त्याला ‘चरादा’ म्हणतात, त्रिनिदादमध्ये ‘व्हे व्हे’. व्हे व्हेमध्ये ३६ आकडे असून प्रत्येकाला एकेक आकृती जोडलेली आहे. एक म्हणजे गोम, दोन म्हणजे म्हातारी, चार म्हणजे मृत मनुष्य. रात्री स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा सकाळी लावावयाचा. दीर्घकाळ बेकायदा असलेला हा खेळ १९९४ साली त्रिनिदाद सरकारच्या लॉटरी मंडळाने स्वतःच्या छत्राखाली घेतला. महाराष्ट्राने मटक्यावर जो तोडगा काढू पाहिला, त्याचीच ही दुसरी आवृत्ती होय.

४

सोडतीचा तात्त्विक विचार करणाऱ्या ग्रंथांत रॉजेर काय्वा यांच्या १९५८ सालच्या ‘खेळ आणि माणसे’ या अर्थाच्या शीर्षकाच्या फ्रेंच ग्रंथाचे स्थान मोठे आहे. खेळांचे चार वर्ग कल्पून त्यांनी स्पर्धेचे खेळ आणि दैवाचे खेळ यांना समोरासमोर उभे केले. स्पर्धेत मनुष्य स्वतःच्या सामर्थ्यावर विसंबतो. दैवाच्या खेळात तो श्रम, चिकाटी आणि कौशल्य बाजूला ठेवून निर्णयापुढे निष्क्रिय होतो. आधुनिक समाजात गुणवत्तेच्या स्पर्धेत मागे पडलेल्यांना लॉटरी ही दैवाकडून भरपाईची आशा पुरवते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हे विवेचन लॉटरीच्या तिकिटाला चपखल लागू पडते. एका ऐतिहासिक उदाहरणात त्याची तीव्रता दिसते. कॅरिबियनमधील सेंट टॉमस बेटावरून एका गुलामव्यापारी कप्तानाने नेलेला डेन्मार्क व्हेसी हा गुलाम १७९९ साली अमेरिकेतील चार्ल्स्टन शहरात लॉटरीचे १५०० डॉलर जिंकला आणि त्यांतील ६०० डॉलर भरून त्याने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. आयुष्यभराच्या श्रमाने जे मिळाले नसते ते एका चिठ्ठीने दिले. परंतु त्या चिठ्ठीवर एकच नाव होते. त्याच्या मुलांचे दास्य तिने सुटले नाही. १८२२ मध्ये उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून व्हेसीला फाशी देण्यात आली. काय्वा यांच्या सिद्धांताचे मर्म आणि लॉटरीची मर्यादा या एकाच जीवनकथेत सामावली आहे. दैव एकाला उचलते; ज्या व्यवस्थेतून उचलते तिला मात्र धक्का लावीत नाही.

तथापि चिठ्ठीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तेथे काय्वा यांचे वर्गीकरण अपुरे पडते. तो उपयोग म्हणजे भिशी. वीस माणसे एकत्र येऊन दरमहा प्रत्येकी दोन हजार रुपये जमवतात असे समजा. दरमहा चाळीस हजारांची रक्कम जमते, आणि चिठ्ठी काढून ती एकाला दिली जाते. ज्याचे नाव एकदा निघाले ते पुन्हा चिठ्ठ्यांत टाकले जात नाही. त्याचा हप्ता मात्र शेवटपर्यंत चालू राहतो. विसाव्या महिन्यात भिशी फुटते तेव्हा प्रत्येकाने चाळीस हजार भरलेले असतात आणि प्रत्येकाला चाळीस हजार मिळालेले असतात. येथे चिठ्ठी कोणाला किती मिळणार हे ठरवीत नाही. कोणाला केव्हा मिळणार एवढेच ठरवते. एकट्याने बचत करणाऱ्याला ही रक्कम हाती येण्यास वीस महिने लागतात. भिशीत सरासरी साडेदहा महिने लागतात आणि कोणालाही वीसपेक्षा जास्त लागत नाहीत. बेस्ली, कोट व लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती विवेचनाचा गाभा हाच आहे.

कॅरिबियन बेटांत हीच पद्धती घरोघर आढळते. त्रिनिदादमध्ये तिला ‘सुसू’ म्हणतात; तो शब्द योरुबा भाषेतील ‘एसुसू’वरून आला आहे. जमेकात ‘पार्टनर’, हैतीत ‘सोल’, डॉमिनिकन प्रजासत्ताकात ‘सान’, बार्बेडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’ अशी तिची नावे आहेत. गुलामांच्या जहाजांतून जे थोडे वाचले, त्यांत पैसा साठविण्याची ही रीतही होती. १९४८ नंतर ब्रिटनला गेलेल्या जमेकन कामगारांना बँका घरासाठी कर्ज देईनात, तेव्हा अनेकांनी पार्टनरच्या पैशातूनच पहिले घर घेतले. डिसेंबरचा हप्ता आपल्या वाट्याला यावा अशी प्रत्येकाची इच्छा असते, कारण नाताळचा खर्च समोर असतो. मराठी भिशीत दिवाळीच्या महिन्याला जे महत्त्व असते, ते तेथे डिसेंबरला.

भिशीतील मनुष्य काय्वा म्हणतात तसा निष्क्रिय नसतो. वीस महिने नियमाने हप्ता भरणे ही चिकाटीच होय. चिठ्ठीपुढे तो नमतो ते वशिला, वय, जात, हुद्दा, नात्यातील मान यांपैकी कशानेही क्रम ठरू नये म्हणून. दैवाच्या हाती निर्णय देणे हा येथे माणसांनी आपसांत केलेला करार आहे. अशा रीतीने एकाच क्रियेचे दोन भिन्न अर्थ होतात. लॉटरीची चिठ्ठी वाट्यांची विषमता निर्माण करते, तर भिशीची चिठ्ठी समान वाट्यांच्या क्रमातील तंटा मिटवते. काय्वा यांनी पहिलीचेच वर्णन केले आणि त्यालाच दैवाच्या खेळाचे संपूर्ण स्वरूप मानले.

५

वाङ्मयातील एका प्रसंगाने हा भेद अधिक स्पष्ट होईल. त्रिनिदादमध्ये १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर गेले. त्यांच्या वंशातील व्ही. एस. नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. तीत तुळसी नावाचे एक मोठे हिंदू एकत्र कुटुंब आहे. कर्मठ असूनही हे कुटुंब नाताळ साजरा करते, आणि घरातील सर्व मुलांना किरकोळ पण सारख्याच भेटी मिळतात. त्या घराचा जावई बिस्वास एका नाताळात आपल्या मुलीसाठी महागडे बाहुलीघर आणतो. घरात अबोला धरला जातो, बहिणी टोमणे मारतात. अखेर त्याची पत्नी शमा स्वतःच ते बाहुलीघर मोडून टाकते.

समीक्षकांनी या प्रसंगाकडे बहुधा व्यक्ती विरुद्ध कुटुंब या संघर्षाच्या दृष्टीने पाहिले आहे, आणि ते योग्यही आहे. परंतु सोडतीच्या संदर्भात त्याचा आणखी एक अर्थ लागतो. तुळसींच्या घरातील भेटी या भिशीच्या तत्त्वावर आहेत: थोडे, पण सर्वांना. बाहुलीघर हे लॉटरीच्या बक्षिसासारखे अकस्मात एकाच मुलीच्या दारी येते. शमा ते मोडते ते तिला मुलीचा आनंद सहन होत नाही म्हणून नव्हे. त्या घरात पुढेही राहावयाचे आहे म्हणून. समान वाटपाची किंमत किती क्रूर असू शकते, हे नायपॉल लपवीत नाहीत. यास्तव भिशीला सर्वगुणसंपन्न मानून लॉटरीला दोष देणे हेही अपुरे ठरते. समान वाट्याच्या समाजात वेगळे काही इच्छिणाऱ्याला जागा कमी असते. लॉटरीचे आकर्षण अंशतः त्या कोंडीतूनच निर्माण होते.

लॉटरीसुद्धा समूहाची होऊ शकते, हे स्पेनमधील सोदेतो या खेड्याने दाखविले. तेथील गृहिणींच्या मंडळाने नाताळच्या सोडतीतील एकाच क्रमांकाचे भाग गावात विकले होते. २२ डिसेंबर २०११ रोजी त्या क्रमांकाला पहिले बक्षीस लागले, आणि सुमारे सत्तर कुटुंबांच्या गावात जवळजवळ प्रत्येक घरी ते पोहोचले. स्पेनच्या या सोडतीत एका तिकिटाचे दहा भाग पाडण्याची रीत असल्याने कचेऱ्या, दुकाने, मित्रमंडळे एकच क्रमांक वाटून घेतात. शेजाऱ्याला लागावे आणि आपण वगळले जावे, ही भीती तिकीट घेण्यामागे लोभाइतकीच प्रबळ असते. परंतु या सोडतीतही जमेच्या शंभरांपैकी सत्तरच परत वाटले जातात. सोदेतोचे भाग्य हे अन्य असंख्य गावांच्या तुटीतून आलेले आहे. भिशीत अशी तूट नसते.

क्यूबाने या दोन तत्त्वांची अदलाबदल करून पाहिली. १९५९ च्या क्रांतीनंतर राष्ट्रीय लॉटरी मोडून तेथे बचत व गृहनिर्माणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. लॉटरीच्या तिकिटाला बचतरोख्याचे रूप देऊन त्या पैशातून घरे बांधावयाची, अशी ही योजना. पुढे १९६९ मध्ये ऊसतोडणीच्या हंगामासाठी नाताळची सुटीही रद्द झाली. ती परत येण्यास १९९७ साल उजाडले. लॉटरी रोख्यांत बदलता आली, परंतु आकड्यांचा चरादा गुप्तपणे चालूच राहिला. वरून लादलेल्या बचतीत सहभागी माणसांचा आपसांतील करार नसतो, हे त्याचे एक कारण असावे.

६

आता कुरुळीकडे वळावे. या गावांचा वर्षक्रम पूर्वी खरीप, रब्बी आणि चाकणच्या कांदाबाजाराने ठरत असे. औद्योगिक वसाहतीच्या विस्तारानंतर तो पाळ्यांनी आणि पगाराच्या तारखांनी ठरू लागला. ‘पगार’ हा शब्दही ‘नाताळ’प्रमाणेच पोर्तुगीजांची देणगी आहे. सणाशी वेतन जोडण्याची रीत दोन्ही प्रदेशांत कायद्यापर्यंत पोहोचली. भारतात १९६५ च्या बोनस कायद्याने किमान व कमाल मर्यादा घालून दिल्या. पुढे त्या शेकडा ८·३३ व २० अशा स्थिरावल्या. कायद्यात दिवाळीचे नाव नसले, तरी बोनस दिवाळीचाच मानला जातो. प्वेर्तो रिकोने १९६९ च्या कायद्यात नाताळचे नाव घेऊनच बोनस दिला, तर डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या १९९२ च्या श्रमसंहितेने तेराव्या पगाराला ‘नाताळचे वेतन’ म्हटले आणि तो २० डिसेंबरपर्यंत देण्याची मुदत घातली. कायम कामगाराच्या सणाची ही शाश्वती आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत ती पातळ होते, आणि तेथेच भिशीचे काम सुरू होते.

क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी १९६२ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा फिरत्या बचतमंडळांना शेतकरी समाजाकडून व्यापारी समाजाकडे नेणाऱ्या शिडीची ‘मधली पायरी’ म्हटले, आणि बँका आल्यावर ती आपोआप लोप पावतील असे सुचविले. शर्ली आर्डनर यांनी १९६४ मध्ये या मतावर आक्षेप घेतला. बँका असलेल्या समाजांतही ही मंडळे टिकून आहेत, हे त्यांनी निदर्शनास आणले. चाकण पट्टा आर्डनर यांच्या बाजूने साक्ष देतो. येथील कामगाराचा पगार बँकेत जमा होतो, त्याच्या हाती मोबाइल असतो, तरीही भिशी चालते. हप्ते मोबाइलवरून गोळा होतात एवढाच फरक. कारण बँक पैसे ठेवून घेते, परंतु हप्ता चुकल्यास चारचौघांत मान खाली घालण्याची वेळ ती आणीत नाही. बचतीची शिस्त या लाजेवर उभी असते.

मात्र हीच लाज या पट्ट्यात कसोटीला लागते. भिशीचा धोका एकच: ज्याची चिठ्ठी लवकर निघाली तो पुढचे हप्ते न भरता निघून जाणे. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे शक्य नसते. परंतु भाड्याच्या खोल्यांतून राहणारे, मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश–बिहारमधून आलेले कामगार काही महिन्यांच्या कंत्राटावर असतात. वीस महिन्यांची भिशी आणि अकरा महिन्यांहून कमी मुदतीचे काम यांचा मेळ बसत नाही. परिणामी कामगार भिशी आपल्या जिल्ह्याच्या, नात्याच्या माणसांपुरती आखडून घेतो, तिची मुदत कमी करतो, किंवा अनोळखी व्यक्तीने चालविलेल्या योजनेत पैसे घालतो. तिसरा मार्ग सर्वांत घातक. ज्याचा नंबर लागला त्याने पुढचे हप्ते भरावयाचे नाहीत, अशी इनामी योजना भिशीचेच नाव घेऊन येते, परंतु तिचे गणित लॉटरीचे असते. अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी घातली. बोली लावून चालणाऱ्या चिट फंडांचे नियमन १९८२ च्या कायद्याने केले. कायद्याने जो भेद ओळखला, तो नीतिवाद्यांनी आणि कौतुककर्त्यांनी मात्र ओळखलेला नाही.

आणखी एक बदल भाषेत नोंदला गेला आहे. ‘सोडत’ हा शब्द एकेकाळी लॉटरीशीच जोडलेला होता. आज तो सार्वजनिक व्यवहाराचा शब्द झाला आहे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत, शिक्षणहक्क कायद्याखालील राखीव जागांच्या प्रवेशाची सोडत, म्हाडाच्या घरांची सोडत. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतींत चाकणजवळील म्हाळुंगे येथील घरेही आलेली आहेत. ज्या जमिनीवर शेती होती तिच्यावर कारखाना आला, आणि त्या कारखान्यातील कामगाराला त्याच परिसरात घर मिळेल की नाही हे चिठ्ठी ठरवू लागली. ही चिठ्ठी भिशीची की लॉटरीची? वशिला टाळण्याची तिची प्रेरणा भिशीची आहे, आणि ती आदरणीय आहे. परंतु भिशीत प्रत्येकाची पाळी येणारच असते. घरांच्या किंवा शाळेच्या सोडतीत ज्याचे नाव निघत नाही, त्याच्या पाळीची हमी कोणी देत नाही. पुरेशी घरे आणि पुरेशा शाळा असत्या, तर सोडतीने फक्त क्रम ठरला असता. तुटवडा असताना तीच सोडत हक्काचे बक्षिसात रूपांतर करते.

७

या विवेचनातून एक निकष हाती येतो. सणाच्या कोणत्याही सोडतीचे मूल्यमापन करताना तिच्यात दैव आहे की नाही हा प्रश्न गौण मानावा. चिठ्ठी वाटा ठरवते की क्रम, हा प्रश्न मुख्य मानावा. द्यूतप्रतिपदेचा घरगुती फासा यांपैकी काहीच ठरवीत नाही. तो खेळच राहतो, म्हणून वेरुळच्या शिल्पकाराला तो निर्मळ वाटला. राज्याची भव्य सोडत वाटा ठरवते. तिला लोककल्याणाचे नाव दिल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, हे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या लॉटऱ्याही जुगारच आहेत असे सांगून मान्य केले. भिशी आणि सुसू क्रम ठरवतात. त्यांचे बळ परस्परविश्वासात आहे आणि त्यांची दुर्बलताही तेथेच आहे.

या विषयावरील पुढील अभ्यासाला चाकण पट्टा हे उत्तम क्षेत्र ठरेल. भिशीच्या वह्या, त्यांतील नोंदींची भाषा, चिठ्ठी कोणाच्या हातून काढावी याविषयीचे संकेत, दिवाळीच्या महिन्याची पाळी आजारपणासाठी किंवा लग्नासाठी दुसऱ्याला सोडून देण्याचे प्रकार, या सर्वांचे संकलन होणे अगत्याचे आहे. कॅरिबियन बेटांतील सुसूवर जेवढे लेखन झाले, त्याच्या तुलनेने मराठी भिशी अद्याप अभ्यासकांच्या नजरेबाहेर राहिली आहे. कंत्राटाची मुदत जसजशी आखडत जाईल, तसतशी समान वाट्याच्या चिठ्ठीला लागणारी दीर्घ ओळख दुर्मिळ होत जाईल, आणि त्या रिकाम्या जागी इनामाची चिठ्ठी येऊन बसेल. कुरुळीच्या खोल्यांतून दिवाळीच्या आधी कोणती चिठ्ठी निघते, यावरून तेथील कामगाराला आपल्या शेजाऱ्याचा किती महिन्यांचा भरवसा वाटतो, हे मोजता येण्यासारखे आहे.